वाटाण्याचा अंकुर आणि आगकाड्यांची मौज

(द्वितीय वर्ष, कला)

काही थोर माणसांचे नाव त्यांच्या एकाच कृतीशी इतके घट्ट बांधले जाते की त्यांचे बाकीचे आयुष्य त्या कृतीच्या सावलीत झाकून जाते. दादासाहेब फाळके म्हटले की 'राजा हरिश्चंद्र' आणि 'राजा हरिश्चंद्र' म्हटले की १९१३ हे साल. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिकेत ही नोंद एका ओळीत उरकते. २००९ साली परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला, तेव्हा या ओळीमागचा जिताजागता माणूस आमच्यासारख्यांना दिसला. तरीही एक गोष्ट मागेच राहिली. या माणसाने 'हरिश्चंद्रा'च्या आधी कॅमेऱ्यासमोर वाटाण्याचे रोप वाढवले होते आणि 'हरिश्चंद्रा'नंतर दोन वर्षांनी पडद्यावर आगकाड्या नाचवल्या होत्या. आज ज्याला आपण ॲनिमेशन म्हणतो आणि 'कार्टून, लहान मुलांचे' म्हणून बाजूला सारतो, त्या कलेचे आपल्या देशातले बीज याच माणसाने पेरले. फाळक्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आले. शास्त्र्यांच्या घरातल्या मुलाने पोथी हाती घ्यावी, अशी त्या काळची रीत. या मुलाने कुंचला घेतला. १८८५ साली, पंधराव्या वर्षी, त्याने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. चित्रकलेने पोट भरत नाही, हे वाक्य आजही आमच्या घरांतून ऐकू येते. तेव्हा तर ते किती ठामपणे म्हटले गेले असेल! माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून या मुलाच्या धिटाईचे मला अधिक अप्रूप वाटते.

जे. जे. नंतर धुंडिराज बडोद्याला थोरल्या भावाकडे गेला आणि तेथील कलाभवनात शिकला. तैलचित्रे, जलरंग, वास्तुकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, जे दिसेल ते त्याने आत्मसात केले. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे जाणते गृहस्थ होते. त्यांच्या प्रोत्साहनाने तो रतलामला जाऊन तिरंगी ठसे तयार करण्याची आणि छपाईची विद्या शिकून आला. पुढे त्याने गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेली आणि गोध्रा सुटले. मग काही काळ त्याने चक्क जादूचे प्रयोग केले. एका जर्मन जादूगाराकडून तो हातचलाखी शिकला होता आणि रंगमंचावर 'प्रोफेसर केळफा' या नावाने उभा राहत असे. फाळके हे नाव उलटे वाचले की केळफा होते!

या साऱ्या उद्योगांकडे वरवर पाहिले तर धरसोड वाटते. शेजाऱ्यांनाही तशीच वाटली असणार. पण जरा थांबून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. चित्रकाराचा हात, छायाचित्रकाराचा डोळा, ठसे करणाऱ्याची चिकाटी आणि जादूगाराचे लोकांच्या नजरेचे ज्ञान, या चार गोष्टी एका माणसात गोळा होत होत्या. निर्जीव वस्तू पडद्यावर चालवायची तर नेमक्या याच चार गोष्टी लागतात.

१९०२ च्या सुमारास त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरची गिरिजा करंदीकर सासरी सरस्वती झाली. हिचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. पुरातत्त्व खात्यात फाळक्यांना आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून सरकारी नोकरी लागली. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे सुटले आणि त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या देवदेवतांची चित्रे घरोघरी पोचवणाऱ्या छपाईशी त्यांचा संबंध आला तो याच काळात. छापखाना नंतर दादरला आला. रंगीत छपाईची नवी यंत्रे पाहायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी मात्र पटेना. तेव्हा भरभराटीतला धंदा सोडून हा माणूस घरी येऊन बसला.

लोणावळा, दादर, नाशिक ही फाळक्यांच्या आयुष्यातली तीन मोठी ठिकाणे. ही तिन्ही ज्या स्थानकावर एकमेकांना भेटतात, ते आपले कल्याण. दादरहून निघालेली गाडी येथे एका बाजूला कर्जत-लोणावळ्याकडे वळते, दुसऱ्या बाजूला कसारा-नाशिककडे. रोज याच फलाटांवरून आपण कॉलेजला ये-जा करतो. या माणसाच्या किती चकरा येथून झाल्या असतील, याचा हिशेब नाही.

घरी बसलेल्या फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हिंडत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची मात्र थोड्यांना माहीत असते. त्यानंतरचे काही महिने ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहत आणि उरलेला वेळ रिळे व फिल्मचे तुकडे न्याहाळण्यात घालवत. डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जाण्याची पाळी आली. उपचारांनी ती वाचली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले. एप्रिलच्या आरंभी ते परतले.

आता यंत्र होते, विद्या होती, भांडवल नव्हते. हिंदी माणूस चित्रपट काढू शकेल यावर कोणाचा विश्वास बसेना. येथे फाळक्यांनी जे केले ते मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत बुद्धिमान पाऊल वाटते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. रोप जसजसे वाढत गेले तसतशी ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. असे महिनाभराहून अधिक काळ चालले. मग ती फिल्म सलग फिरवली. जे वाढताना कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही ते एका मिनिटात दिसले. बी फुगले, कोंब बाहेर आला, पाने फुटली, वेल वर चढला. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. निवडक मंडळींना तो दाखवताच यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे पैसे द्यायला तयार झाले. 

या एका मिनिटामागचा खटाटोप समजून घेण्यासारखा आहे. मूकपटांच्या काळात साधारणपणे एका सेकंदाला सोळा चौकटी पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटाला ९६० चौकटी. हलते चित्र म्हणजे मुळात स्थिर चित्रांची रांग आहे आणि हालचाल प्रेक्षकाच्या डोळ्यांत घडते, ही गोष्ट फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्यावर सिद्ध केली. नट नाही, कथा नाही, देखावा नाही. आपल्या चित्रपटसृष्टीला पहिले भांडवल मिळवून दिले ते एकेक चौकट टिपण्याच्या या युक्तीने. ज्या पायावर 'हरिश्चंद्र' उभा राहिला, तो पाया हा आहे.

'हरिश्चंद्रा'च्या निर्मितीत सरस्वतीबाईंचा वाटा निम्मा मानला तरी कमीच. दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक केला, अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, रसायनांत फिल्म धुतली. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केले. बाहेरचे चित्रण झाले ते वांगणीला. ठाणे जिल्ह्यातले बदलापूरच्या पुढचे हे आपले वांगणी. ढाल-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले आणि मंडळींना अटकाव झाला. मागाहून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा दाखवून, चित्रणाचे नाटक करून सुटका करून घेतली, असे सांगतात. आज लोकल वांगणीला थांबते तेव्हा हा प्रसंग कोणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. आदल्या वर्षी याच चित्रगृहात दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. पण ते नाटकाचे चित्रण होते, म्हणून पहिलेपणाचा मान बहुतेक अभ्यासक फाळक्यांना देतात.

नंतर कंपनी नाशिकला हलली. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' निघाले. १९१४ मध्ये हे तीन चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुकही झाले. इतक्यात महायुद्ध पेटले. परतले तेव्हा भांडवलदारांनी हात आखडता घेतला होता आणि मोठा चित्रपट काढण्याची ऐपत उरली नव्हती.

अशा अडचणीच्या दिवसांत, १९१५ मध्ये, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. वेषभूषा नको, नट नकोत, घोडे-हत्ती नकोत. हवी फक्त एक काड्यापेटी. आगकाड्या मांडायच्या, एक चौकट घ्यायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा चौकट घ्यायची. अशा शेकडो चौकटी झाल्या की काड्या आपण होऊन नाचू लागतात. पॅरिसमध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच असा आगकाड्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. म्हणजे कल्पना जगात अगदी नवी नव्हती. पण आपल्या देशात ती करून दाखवणारे पहिले हात फाळक्यांचे. 'लक्ष्मीचा गालिचा', 'विचित्र शिल्प' यांसारखे लघुपट, 'प्रोफेसर केळफा'च्या जादूचे तुकडे आणि 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपटही याच धडपडीच्या वर्षांतले.

ही करमणूक त्यांच्या मोठ्या चित्रपटांपासून वेगळी नव्हती. 'लंका दहन' १९१७ चा. त्यात हनुमान आकाशातून उडाला आणि लंका पेटली. अण्णा साळुंके त्यात राम आणि सीता दोन्ही झाले! १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली आणि 'श्रीकृष्ण जन्म' आला. १९१९ मध्ये 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झाली फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. नागाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, धडावरून उडून पुन्हा जागेवर बसणारे मस्तक, अदृश्य होणारे देव. प्रेक्षक हात जोडत ते या दृश्यांना. आणि या दृश्यांचा सराव झाला होता वाटाण्यावर, आगकाड्यांवर आणि जादूच्या खेळांत. कॅमेरा थांबवायचा, वस्तू हलवायची, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. फाळक्यांच्या देवांना चमत्कार शिकवले ते आगकाड्यांनी, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. भागीदारांशी खर्चावरून खटके उडाले. फाळके सारे सोडून कुटुंबासह काशीला गेले आणि तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुन्हा नाशिकला परतून कंपनीत काम केले. पण पूर्वीचा जोम राहिला नव्हता. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' १९३२ चा, आणि तो मुका. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट केला. तो शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. ज्या धंद्याने पुढे कोट्यवधींची उलाढाल केली, त्या धंद्याचा संस्थापक विपन्नावस्थेत आणि जवळजवळ विस्मृतीत गेला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

त्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट सांगितले जातात. त्यांपैकी किती उरले? 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आणि 'राजा हरिश्चंद्र', 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म' यांचे तुकडे. हेही उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आणि त्याचे पहिले अभिरक्षक पी. के. नायर यांच्या ध्यासामुळे. जुनी फिल्म ज्वालाग्राही असे. शिवाय तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही ती नष्ट केली जाई. पण नुसती आग सारे नेत नाही, बेफिकिरीही नेते. देवादिकांचे चित्रपट कोणीतरी श्रद्धेने जपले. 'अंकुराची वाढ' आणि 'आगकाड्यांची मौज' कोण जपणार? काड्यांचा पोरखेळ म्हणून ते गेले. आज ते पाहता येत नाहीत.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९१७ साली अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी काढला; त्याच्या प्रती आगीत गेल्या आणि आज त्याचे नावही फारसे कोणाला ठाऊक नाही. जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापून, एकेक चौकट हलवत, तीन वर्षे खपून १९२६ मध्ये 'राजपुत्र अहमदची साहसे' पुरा केला. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' त्यानंतर अकरा वर्षांनी आला. तरी पहिलेपणाचा मान लोक डिस्नेलाच देऊन मोकळे होतात. रायनिगरबाईंच्या त्या आकृत्या पाहताना पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. पडद्यामागे दिवा आणि पुढे सावलीतले रामायण! सावलीला चालवण्याची ही कला आपल्या मातीला मुळीच परकी नव्हती.

आपल्याकडे फाळक्यांनंतर हा धागा बारीक झाला. पण तुटला नाही. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखा कलावंत तयार झाला. हेच राम मोहन पुढे युगो साको या जपानी दिग्दर्शकाबरोबर 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचे सहदिग्दर्शक झाले. तो १९९२ मध्ये पुरा झाला, पुढच्या वर्षी आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मात्र देशभरच्या चित्रगृहांत तेव्हा त्याला रीतसर जागा मिळाली नाही. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या मुलांनीच तो मनात जपला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो पुन्हा मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा राम मोहन हयात नव्हते. २०१९ मध्येच ते गेले होते. चोवीस चौकटींच्या हिशेबाने एका तासाला ८६,४०० चौकटी होतात. तो हिशेब मनात ठेवून त्यातला सेतू बांधण्याचा प्रसंग पाहावा. वानर तेच, समुद्र तोच. 'लंका दहन' आणि 'सेतुबंधन' काढणाऱ्या फाळक्यांनी जी स्वप्ने दोऱ्या, पुठ्ठे आणि कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी पडद्यावर आणली, ती येथे रेषेने आणली आहेत.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत ॲनिमेशन शिकणारी मुले-मुली आज गल्लोगल्ली आढळतात. घरचे विचारतात, कार्टून काढून काय करणार? त्यांना उत्तर द्यायला फाळक्यांचे चरित्र पुरेसे आहे. या देशातल्या चित्रपटाला पहिला विश्वास मिळवून दिला तो एका कुंडीतल्या वाटाण्याने. तो पोरखेळ मानला असता, तर नाडकर्णी-देवहाऱ्यांनी पैसे दिले नसते आणि 'हरिश्चंद्र'ही झाला नसता.

स्नेहसंमेलनात दर वर्षी एखादा गाजलेला चित्रपट दाखवण्याचा विषय निघतो. पुढच्या वर्षी तेवढ्या वेळात राम मोहन-साको यांचे 'रामायण' दाखवावे आणि त्याआधी दहा मिनिटे 'कालिया मर्दन'चा उरलेला भाग लावावा, अशी माझी विद्यार्थी मंडळाला आणि प्राध्यापकांना विनंती आहे. 'आगकाड्यांची मौज' दाखवता येणार नाही. निदान तिचे नाव तरी त्या दिवशी सभागृहात घेतले जावे.